कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, आता मूल हवंय: नळ्या जोडायच्या की टेस्ट ट्यूब? (सोलापूर)

आशा_मोहोळ

नमस्कार. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका जोडप्यासाठी विचारते आहे, त्यांना सांगूनच. नावगाव देत नाही.

बाई ३४ वर्षांची. पहिल्या नवऱ्यापासून दोन मुली, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. धाकटी सहा महिन्यांची असताना, २०१६ साली, शिबिरात दुर्बिणीने ऑपरेशन झालं. पुढे नवरा वारला. मागच्या वर्षी दुसरं लग्न झालं. आत्ताचा नवरा ३८ वर्षांचा, त्याचं पहिलंच लग्न, अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाईंगला कामाला आहे. पाळी २८ ते ३० दिवसांनी, नियमित. बीपी, शुगर काही नाही. हिमोग्लोबिन १०.२. ऑपरेशनचं सर्टिफिकेट सापडत नाही.

एका खासगी दवाखान्यात सांगितलं, नळ्या जोडून देतो, ९० टक्के यश. दुसरीकडे म्हणाले, जोडण्यात वेळ घालवू नका, थेट टेस्ट ट्यूब करा. सासूबाईंना नातवाची घाई आहे. पैसे एकदाच उभे राहतील, दोनदा नाही. आधी काय तपासायचं आणि कशावरून ठरवायचं, हे नीट कळलं तर घरी समजावून सांगता येईल.

स्त्रीरोग_सोलापूर

सर्टिफिकेट नसलं तरी अडत नाही. शिबिरात दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन म्हणजे बहुधा रिंग लावलेली असते. त्या सिलिकॉनच्या रिंगमध्ये बेरियम मिसळलेलं असतं, त्यामुळे ओटीपोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये त्या दोन बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात. क्लिप असेल तर ती धातूची, तीही दिसते. दोन्हीपैकी काहीच दिसलं नाही तर नळी बांधून कापलेली किंवा जाळलेली असण्याची शक्यता धरायची. ऑपरेशन कुठल्या पद्धतीने झालंय हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो.

अख्खी नळी १० ते १२ सेंटीमीटरची. गर्भपिशवीजवळचा भाग अरुंद, मधला रुंद आणि टोकाला झालर, जी बीज उचलून आत घेते. रिंग पिशवीपासून साधारण तीन सेंटीमीटरवर लावतात. नळीचा फास रिंगमध्ये ओढला जातो आणि दोन ते तीन सेंटीमीटरचा तुकडा रक्त न मिळाल्यामुळे सुकतो. क्लिपमध्ये अर्धा सेंटीमीटरच जातो. बांधून कापण्याच्या पद्धतीत एक-दोन सेंटीमीटर काढतात, पण काढणारा हात मोठा असेल तर जास्तही. जाळलेल्या नळीत इजा डोळ्यांना दिसते त्याच्याही पुढे पसरलेली असते. आणि झालरच कापून टाकली असेल तर जोडण्याजोगं फारसं उरत नाही, मग नळी कितीही लांब असो.

जोडून झाल्यावर किमान चार सेंटीमीटर नळी हातात राहिली पाहिजे. त्याखाली गर्भ राहण्याची शक्यता झपाट्याने उतरते. रिंगवाल्या बाईत हे बहुतेकदा जमतं. कापलेली दोन्ही टोकं अरुंद भागातलीच असतील तर सगळ्यात चांगलं, कारण तोंडाला तोंड जुळतं. अरुंद टोक रुंद टोकाला जोडावं लागलं की शिवण तिरकी बसते.

आता त्या ९० टक्क्यांबद्दल. ऑपरेशननंतर नळीतून रंग पलीकडे जातो का, याचा तो आकडा असू शकतो. नळी उघडी असणं वेगळं, दिवस राहणं वेगळं आणि बाळ हातात येणं आणखी वेगळं. पस्तिशीच्या आतली बाई, रिंग, पुरेशी लांबी, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला आणि शिवणारा हात सरावाचा, असं सगळं जुळलं तर दहापैकी सहा-सात जणींना दिवस राहतात, तेही मुख्यतः पहिल्या वर्ष-दीड वर्षात. चाळिशी ओलांडल्यावर हेच दहातल्या तिघींच्या आसपास येतं, कारण नळी जोडली तरी बीजाचं वय कमी होत नाही. त्या दवाखान्यात एवढंच विचारा: हे ९० टक्के कशाचे? रंग जाण्याचे, पाळी चुकण्याचे की बाळंतपणाचे?

लॅब_वाला

बाईच्या तपासण्यांआधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा. हजार रुपयांच्या आतबाहेर होते आणि सगळा निर्णय फिरवू शकते. त्याला आजवर मूल झालेलं नाही, म्हणजे त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. नळ्या सुंदर जोडल्या आणि पूर्ण नमुन्यात पुढे पळणाऱ्या शुक्रजंतूंची संख्या पन्नास लाखांच्या खाली निघाली, तर ऑपरेशन फुकट गेलं. तिथे नळीचा उपयोगच नसतो, प्रयोगशाळेत बीजात शुक्रजंतू सोडावा लागतो.

नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा असेल तर तासाभरात, शर्टाच्या आत अंगाशी धरून आणायचा. सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत अर्धा मेलेला असतो आणि मग उगाच नवऱ्याच्या नावावर वाईट रिपोर्ट लागतो. डब्यात पूर्ण नमुना आला पाहिजे. पहिला भाग सांडला तर तसं सांगावं, कारण सगळ्यात जास्त शुक्रजंतू त्याच भागात असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मोजणीनुसार खालची मर्यादा अशी: एका मिलीलीटरमध्ये १ कोटी ६० लाख, पूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, पुढे पळणारे ३० टक्के, आकाराने नीट ४ टक्के. यापेक्षा कमी म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, पण एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका, दुसरा करा. मागच्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तोही डॉक्टरांना सांगा, कारण शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि तापाचा परिणाम तेवढ्या काळापर्यंत रिपोर्टवर दिसतो.

डाईंगचं काम म्हणजे वाफ आणि गरम टाक्या. अंडकोषाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावं लागतं. दिवसभर त्या उष्णतेत उभं राहिल्याने संख्या आणि पळण्याची ताकद दोन्ही घटू शकतात. मुकादमाशी बोलून दोन-तीन महिने पॅकिंग किंवा फोल्डिंगला बदली मिळाली तर पाहा. तंबाखू, गुटखाही बंद. घट्ट चड्डी नको.

ओटी_सिस्टर

आशाताई, हिमोग्लोबिन १०.२ घेऊन कुणी ऑपरेशनला घेतलं तरी तुम्ही थांबवा. ११ च्या वर आणा. लोहाची गोळी चहाबरोबर नाही, लिंबाबरोबर. आणि आत्तापासूनच फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, दिवस राहण्याआधी तीन महिने पोटात असलेलं बरं.

बाईच्या तपासण्या: पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, त्यात दोन्ही बीजकोशांतल्या, बीजं ज्यात वाढतात त्या लहान पुटकुळ्या मोजतात. एएमएच रक्ततपासणी कुठल्याही दिवशी चालते. थायरॉइड. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. रक्तगट. एएमएचचा रिपोर्ट वाचताना एकक बघा. एका लॅबचा १४ आणि दुसऱ्या लॅबचा २ हे एकच असू शकतात, कारण मापं वेगळी. पीमोल असेल तर नॅनोग्रॅम काढायला ७.१४ ने भागायचं. यावरून घाबरून किंवा हरखून गेलेल्या बायका पुष्कळ असतात.

एएमएचवरून बीजं किती उरली ते कळतं, ती कशी आहेत ते नाही. ते वयावरूनच समजायचं.

स्त्रीरोग_सोलापूर

सिस्टर म्हणतात ते सगळं बरोबर. त्यात एचएसजीची भर घालतो. पाळी थांबल्यावर, सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. पिशवीतून रंग सोडून एक्स-रे काढतात. रंग सोडण्याआधीची जी साधी फिल्म असते तिच्यातच रिंग दिसून जाते, वेगळा एक्स-रे काढायची गरज नाही. रंग अर्थातच अडणार, पण कुठवर जाऊन अडला त्यावरून पिशवीकडचा तुकडा किती उरलाय ते कळतं. तो तुकडा वेडावाकडा, मण्यांच्या माळेसारखा दिसला तर क्षयाची शंका घ्यावी आणि पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासावा. आपल्याकडे हे विसरून चालत नाही. फिल्मला जाण्याआधी तासभर वेदनाशामक गोळी घेतलेली बरी.

पलीकडचा तुकडा आणि झालर कशी आहे हे मात्र एचएसजीत दिसत नाही. ते फक्त दुर्बिणीनेच.

आयव्हीएफ_समुपदेशक

मी टेस्ट ट्यूबच्या बाजूने बोलते, म्हणजे दोन्ही बाजू समोर येतील.

३४ वर्षं हे वय अजून बरं आहे, पण फार मोकळं नाही. समजा, तपासण्यांत दोन महिने गेले, हिमोग्लोबिन वर यायला एखादा, ऑपरेशन, मग वर्षभर वाट. त्यात दिवस राहिले नाहीत तर आपण ३६ वर पोचतो आणि हाती पैसे नाहीत. टेस्ट ट्यूबमध्ये नळीचा प्रश्नच येत नाही. १० ते १२ दिवस इंजेक्शनं, शेवटच्या इंजेक्शननंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढायची, प्रयोगशाळेत फलन, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ पिशवीत ठेवायचा, साधारण दोन आठवड्यांनी रक्ततपासणी. पोटावर कापाकापी नाही. मूल झाल्यावर परत कुटुंबनियोजनाचा विचारही करावा लागत नाही, कारण नळ्या बंदच आहेत.

तोटेही सांगते. या वयाला एका प्रयत्नात दहातल्या तीन-चार जणींना बाळ होतं, म्हणजे सहा-सात जणींना त्या वेळी होत नाही. एका प्रयत्नाला दीड लाखाच्या पुढे धरा, औषधं धरून जास्तच. गोठवलेले गर्भ उरले तर दुसऱ्या वेळी इंजेक्शनांचा खर्च वाचतो, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. बीजकोश फुगून पोटात पाणी होण्याचा धोका असतो. जोडलेल्या नळीला दर महिन्याला एक संधी असते आणि ती फुकट असते, हे मान्य.

२०२१ च्या कायद्यानुसार बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं, इथे दोघंही बसतात. पण केंद्र नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं.

आणि सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा. नळी जोडून किंवा टेस्ट ट्यूबने मुलगाच होईल असं कुणी करून देत नाही. कुणी देतो म्हणाला तर तो १९९४ च्या गर्भलिंग कायद्याखाली गुन्हा आहे, टेस्ट ट्यूबमध्येसुद्धा. दोन मुली आहेत, तिसरीही मुलगी झाली तर चालणार आहे का, हा प्रश्न पैसे भरायच्या आधी घरात विचारलेला बरा.

पंचायत_कारकून

विषय वैद्यकीय आहे, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. झेडपी, पालिकेलाही असाच नियम आहे. सरकारी नोकरीसाठी २००५ चे लहान कुटुंबाचे नियम वेगळे. या बाईला हे तिसरं अपत्य ठरेल. घरात कुणाच्या डोक्यात सरपंचपद किंवा भरती असेल तर वकिलाला विचारून ठेवा, पुढे कोर्टात धावपळ नको. मूल दत्तक देऊन यातून सुटता येत नाही, हेही सांगतो, कारण तसा सल्ला देणारे गावात भेटतात.

आशा_मोहोळ

सगळ्यांचे आभार. सरपंचाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईला रस नाही म्हणते, पण घरच्यांना सांगितलं.

तपासण्या झाल्या, रिपोर्ट टाकते. एएमएच १.९ नॅनोग्रॅम. सोनोग्राफीत दोन्ही बाजू मिळून ११ पुटकुळ्या, पिशवी ठीक. थायरॉइड नॉर्मल. एचएसजीच्या साध्या फिल्ममध्ये दोन रिंग स्पष्ट दिसल्या, डावीकडचा तुकडा अडीच सेंटीमीटर, उजवीकडचा दोन, मण्यांसारखं काही नाही. नवऱ्याचा रिपोर्ट: २.५ मिलीलीटर, एका मिलीलीटरमध्ये २ कोटी २० लाख, पुढे पळणारे १८ टक्के. ताप वगैरे आलेला नव्हता. तंबाखू खातो. लॅबवाल्याने "थोडं कमी" एवढंच सांगितलं.

लॅब_वाला

"थोडं कमी"वर सोडू नका, गुणाकार करा. २.५ गुणिले २ कोटी २० लाख म्हणजे साडेपाच कोटी. त्याचे १८ टक्के म्हणजे ९९ लाख. पूर्ण नमुन्यात पुढे पळणारे जवळपास एक कोटी. संख्या चांगली आहे, पळण्यात मार खातोय. दोन कोटींच्या वर असता तर मी म्हणालो असतो, काही अडचण नाही. पन्नास लाखांच्या खाली असता तर म्हणालो असतो, थेट टेस्ट ट्यूब, तीही बीजात शुक्रजंतू सोडायच्या पद्धतीने. हा मधला आहे.

डाईंग आणि तंबाखू दोन्ही बंद करून तीन महिन्यांनी दुसरा नमुना घ्या. त्याआधी घेतला तर जुन्याच उष्णतेत तयार झालेले शुक्रजंतू मोजाल. मूत्रविकारतज्ज्ञाकडून अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का तेही तपासून घ्या, उभं करून, खोकायला लावून. पाच मिनिटांचं काम आहे.

स्त्रीरोग_सोलापूर

बाईच्या बाजूने सगळं जोडण्याकडे झुकतंय. रिंग आहे, पिशवीकडचे तुकडे दोन ते अडीच सेंटीमीटर, बीजसाठा वयाला साजेसा. पलीकडचा भाग बिघडलेला नसेल तर पाच-सहा सेंटीमीटर नळी सहज मिळेल. अडतंय ते नवऱ्याच्या रिपोर्टवर. ते तीन महिने फुकट जात नाहीत, त्यातच हिमोग्लोबिन वर येतं. दुसऱ्या नमुन्यात पळणारे दोन कोटींच्या आसपास गेले तर मी जोडणीच सुचवेन. एक कोटीवरच राहिले तरी नळी उघडी असेल तर शुक्रजंतू धुऊन पिशवीत सोडण्याची सोय राहते, ती टेस्ट ट्यूबपेक्षा खूप स्वस्त पडते. खाली घसरले तर समुपदेशक मॅडमचं म्हणणं बरोबर.

ऑपरेशनला जायचं ठरलं तर ते कसं व्हायला हवं, ते थोडं विस्ताराने लिहितो, म्हणजे दवाखान्यात प्रश्न विचारता येतील.

पाळी संपल्यावर आणि बीज फुटण्याआधीचा आठवडा निवडतात. एकाच भुलीत आधी दुर्बिणीने बघायचं: झालर शाबूत आहे का, आतडी चिकटलीत का, दोन्ही तुकडे मिळून लांबी किती. जोडण्याजोगं नसेल तर तिथेच थांबायचं, पोट उघडायचं नाही. संमतिपत्रावर हे लिहून घ्या, आणि नुसतं बघून थांबलं तर बिल किती, हेही आधीच. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि नंतर भांडण इथेच होतं.

उघडून करायचं असेल तर सिझरसारखा आडवा, त्याहून लहान छेद. दुर्बिणीनेही जोडता येतं, पण त्यासाठी आत टाका घालण्याचा हात फार तयार लागतो. सुकलेली टोकं थोडी-थोडी कापत मागे जायचं, आतल्या नाजूक घड्या आणि ताजं रक्त दिसेपर्यंत. खालून निळा रंग सोडून पिशवीकडचं टोक मोकळं असल्याची खात्री करायची, झालरीकडूनही तसंच. मग नळीखालच्या पडद्याला एक टाका, म्हणजे ताण त्याच्यावर येतो, शिवणीवर नाही. त्यानंतर नळीच्या मांसल थराला चार टाके, घड्याळाच्या सहाच्या जागी पहिला, मग तीन, नऊ आणि शेवटी बाराला. गाठी बाहेर, दोरा आतल्या अस्तरातून जाऊ द्यायचा नाही. दोरा सात-शून्य किंवा आठ-शून्य, केसाहूनही बारीक. वरून पातळ आवरण शिवायचं आणि पुन्हा रंग सोडून बघायचं.

बिघडतं ते बहुधा शिवणीच्या आजूबाजूला. रक्त थांबवायला मोठा चटका दिला की तिथे वण येतो आणि सहा महिन्यांत नळी परत बंद. कापसाने घासली की वरचा थर सोलतो आणि आतडी चिकटतात. उघडी पडलेली जागा सतत सलाइनने ओली ठेवावी लागते. हातमोज्याची पावडर आत गेली तरी चिकटाचिकटी. म्हणून सर्जनला तीन गोष्टी विचारा: मायक्रोस्कोप किंवा निदान भिंगाचा चष्मा वापरता का? कुठला दोरा? वर्षाला किती जोडण्या करता आणि त्यातल्या किती जणी बाळंत झाल्या? तिसऱ्या प्रश्नावर विषय बदलला तर दुसरा डॉक्टर शोधा.

ओटी_सिस्टर

दोन-तीन तास लागतात हेही घरच्यांना सांगा, नाहीतर बाहेर लोक घाबरतात. दोन-तीन दिवस दवाखान्यात. पुढे सहा आठवडे घागर, कळशी, सिलेंडर उचलायचं नाही. ग्रामीण भागात टाक्यांच्या तक्रारी बहुतेक याच्यामुळे. दिवस राहण्याचा प्रयत्न एक-दोन पाळ्या गेल्यावर, सर्जन सांगतील तसा.

खर्चाचं म्हणाल तर आधी सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, स्त्रीरोग ओपीडीत केसपेपर काढून विचारा. ते वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, तिथे वरिष्ठ डॉक्टर भेटतील. ओपीडीच्या खिडकीवर विचारून "इथे होत नाही" ऐकून परत येऊ नका, विभागातच विचारा. जोडणी तिथे होत असेल-नसेल, रक्त-लघवी, सोनोग्राफी, भुलीची तपासणी तरी स्वस्तात होते. पुण्याला जायचं ठरलं तर एचएसजीची मूळ फिल्म न्या, मोबाइलवरच्या फोटोत दोन मिलीमीटरचा फरक कळत नाही.

आयव्हीएफ_समुपदेशक

या रिपोर्टांवर मीही आधी जोडणीच म्हणेन, एका अटीवर: शेवटची तारीख आत्ताच ठरवा. ऑपरेशननंतर बारा महिने. सहा महिन्यांत काही झालं नाही तर पुन्हा एचएसजी करून नळ्या उघड्या आहेत का बघा. बंद असतील तर उरलेले सहा महिने वाट बघण्यात अर्थ नाही. नळीत पाणी भरलेलं दिसलं तर टेस्ट ट्यूबच्या आधी ती नळी काढावी किंवा पिशवीजवळ बंद करावी लागते, नाहीतर ते पाणी पिशवीत उतरून गर्भ टिकू देत नाही. पुन्हा जोडणी करायच्या भानगडीत पडू नका.

आणि पैसे एकदाच उभे राहणार असतील तर सगळे ऑपरेशनवर लावू नका. काही बाजूला ठेवता येतात का पाहा. का, ते पुढच्या उत्तरात डॉक्टर सांगतीलच.

करमाळा_पाहुणा

मध्येच विचारतो. नसबंदी पुरुषाची झाली असेल तर हेच सगळं लागू का?

स्त्रीरोग_सोलापूर

नाही. पुरुषात नसबंदी होऊन किती वर्षं झाली यावर खूप काही ठरतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांच्या आत जोडलेल्यांत ९७ टक्क्यांना शुक्रजंतू परत आले आणि ७६ टक्क्यांच्या बायकांना दिवस राहिले. पंधरा वर्षांनंतर हे ७१ आणि ३० वर आलं. पोट उघडावं लागत नाही, पण मायक्रोस्कोप इथेही हवाच. बायकोचं वय इथेही तितकंच मोजायचं. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

आशाताई, आता समुपदेशक मॅडमनी माझ्याकडे ढकललेला भाग. जोडलेल्या नळीतच गर्भ अडकून वाढू शकतो. एरवी शंभरात एक-दोन गर्भारपणांत होतं ते इथे शंभरात पाच-सहा, काही ठिकाणी दहापर्यंत. म्हणून पाळी चार दिवस जरी चुकली तरी वाट बघायची नाही. लघवीची तपासणी, ती पॉझिटिव्ह आली की रक्तातलं बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणारं संप्रेरक), ४८ तासांनी परत. सुरुवातीला ते दोन दिवसांत निदान दीडपट व्हायला हवं. न वाढलं किंवा रखडत वाढलं तर शंका. सहाव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी करून पिशवीतच गर्भ आहे हे डोळ्यांनी बघायचं. तोवर "दिवस राहिले" म्हणून पेढे वाटू नका.

लवकर सापडलं तर इंजेक्शनने निभावतं, नळी वाचते. उशीर झाला की नळी फुटते आणि पोटात रक्त साचतं. एका बाजूला सतत दुखणं, थोडं-थोडं काळपट रक्त जाणं, चक्कर आणि खांद्याच्या टोकाशी दुखणं. खांदा दुखतोय म्हणून बाई बाम लावत बसते, पण तो पोटातल्या रक्ताने दुखत असतो. असं झालं तर उपकेंद्रात न थांबता १०८ बोलवा, आणि थेट जिथे भूल, रक्त आणि ऑपरेशन तिन्ही आहे तिथेच न्या. हा खर्च अचानक येतो, म्हणून पैसे बाजूला ठेवायला सांगितलं.

आशा_मोहोळ

डाईंगमधून फोल्डिंगला बदली मिळाली. नवरा तंबाखू सोडतो म्हणतो, बघू. दुसरा नमुना तीन महिने झाल्यावर. सिव्हिलला पुढच्या आठवड्यात घेऊन जाते. रक्तगट आत्ता बघितला, बाईचा ए निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. यात काही वेगळं करावं लागतं का?

ओटी_सिस्टर

हो, लागतं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, ती होऊ नयेत म्हणून अँटी-डी देतात. दोन्ही बाळंतपणांत अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का, ते जुन्या कार्डांवर बघा. मुलींचे रक्तगटही लिहून घ्या, दोघी निगेटिव्ह असतील तर काळजी कमी. इंजेक्शन दिल्याची नोंद सापडली नाही तर ऑपरेशनच्या आधीच इनडायरेक्ट कूम्ब्स नावाची, ही प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर पुढचं गर्भारपण वेगळ्याच देखरेखीखाली जातं, आणि हे जोडणीवर पैसे घालायच्या आधी कळलेलं बरं. दिवस राहिले की २८ व्या आठवड्यात एक अँटी-डी, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत दुसरं. गर्भ नळीत अडकला किंवा पडला तरीही ७२ तासांत लागतंच, ते डॉक्टरांना आठवण करून द्या. केसपेपरवर पहिल्याच भेटीत लाल पेनाने "आरएच निगेटिव्ह" लिहून घ्या.